पहिलीच ऑब्स्टॅकल रेस, हातात १४ आठवडे आणि पुल-अप एकही येत नाही. तयारी कशी करू?

धावती_सकाळ

नमस्कार मंडळी, ऑफिसमधल्या दोघी मैत्रिणींनी आग्रह केला आणि मीही नाव नोंदवून मोकळी झाले. १० किमीची ऑब्स्टॅकल रेस आहे, वाटेत २५ अडथळे, बरोबर १४ आठवडे राहिलेत. आधी माझं सांगते म्हणजे तुम्हाला सल्ला द्यायला सोपं जाईल. वय ३७, तीन वर्षं नियमित धावते, सपाट रस्त्यावर १० किमी साधारण ६८ मिनिटांत होतं, गुडघे, पाठ सगळं व्यवस्थित. पण हातात जोर म्हणाल तर नाही. काल बागेतल्या बारला लटकून बघितलं, मोबाईलवर वेळ लावली होती, १४ सेकंदांत बोटं उघडली. म्हणजे मी सोडलं नाही, सुटलंच. पुल-अप एकही येत नाही, शाळेतसुद्धा कधी आला नव्हता.

व्हिडिओ बघितले त्यात दोरावर चढणं, मंकी बार (डोक्यावरच्या दांड्यांना लटकत पुढे जाणं), ८ फुटी भिंत, वाळूची गोणी खांद्यावर घेऊन चढ चढणं, काटेरी तारेखालून सरपटणं असं सगळं आहे. धावायची भीती नाही, चिखलाची तर अजिबात नाही, भीती आहे ती त्या दोराची. खालून वर बघितलं की पोटात गोळा येतो.

विचारायचं असं की धावणं कमी करून सगळा वेळ हातांवर घालवू का? रोज लटकू का? पुल-अप आल्याशिवाय जाण्यात अर्थ आहे का, की पैसे गेले समजून पुढच्या वर्षी जाऊ? आणि मला चष्मा आहे, उणे ४, त्याशिवाय समोरचा माणूस ओळखू येत नाही, तर चष्मेवाले लोक काय करतात? जिम लावलेली नाही, बागेत बार आहे, घरात एक जुनी सॅक आणि भरपूर जिने आहेत. मनापासून तयारी करायची आहे, जमेल तेवढं सविस्तर सांगा.

चिखलपाय

ताई, पुढच्या वर्षीवर ढकलू नका, १४ आठवडे भरपूर आहेत. आणि १४ सेकंद ही सुरुवात वाईट नाही, बारला पहिल्यांदा हात लावणाऱ्या बऱ्याच जणांचं एवढंच होतं.

तुम्ही लिहिलंय ना "सोडलं नाही, सुटलंच", तेच नीट समजून घ्या कारण अर्ध्याहून जास्त अडथळे त्याच्याभोवती फिरतात. बोटं मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपर ते मनगट या भागात असतात आणि तिथून टेंडन दोरीसारखे बोटांपर्यंत गेलेले असतात. मूठ गच्च आवळून ठेवली की ते स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतात, रक्त पुरेसं पोचत नाही, जळजळ सुरू होते आणि मग तुम्ही कितीही ठरवलं तरी बोटं उघडतात. म्हणून एकदाच जीव खाऊन लटकण्यापेक्षा लटका, सोडा, हात खाली झटका, परत लटका, असं करायचं. आठवड्यातून ३ दिवस, मधे किमान एक दिवस मोकळा. आत्ता तुमचं १४ होतंय तर ८-८ सेकंदांचे ५ लटके, मधे एकेक मिनिट थांबा. दर आठवड्याला २-३ सेकंद वाढवा. दहाव्या आठवड्यापर्यंत सलग ४५ सेकंद आले तर तुम्ही चांगल्या जागी आहात. साधारण पाचव्या आठवड्यापासून बारवर टॉवेल टाका आणि त्याची दोन टोकं धरून लटका, दोराची पकड तशीच असते. बारला लटकणारा माणूस टॉवेलला निम्मा वेळसुद्धा टिकत नाही, तेव्हा आकडा घसरला म्हणून नाराज होऊ नका.

आता रोज लटकू का याचं उत्तर. नका. मी पहिल्या वर्षी सकाळ-संध्याकाळ लटकायचो, आकडे भराभर वाढत होते, दुसऱ्या महिन्यात मिनिटाच्या वर गेलो होतो. मग एक दिवस दाराची मूठ फिरवताना उजव्या कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाशी कळ आली. दुर्लक्ष केलं. पंधरा दिवसांनी पाण्याची बाटली उघडता येईना, झाकण डाव्या हाताने फिरवायला लागलं. रेस हुकलीच, वर आणखी तीन महिने बारला हात लावता आला नाही. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, टेंडनला महिने लागतात, तिथे रक्तपुरवठाच कमी असतो, त्यामुळे ताकद आल्यासारखी वाटते पण जिथे ती ताकद बांधलेली आहे ती जागा अजून कच्ची असते. कोपराच्या आत किंवा बाहेर बोट दाबून दुखायला लागलं तर त्याच दिवशी थांबा, आठवडाभर लटकणं बंद, हे मी अगदी हात जोडून सांगतोय.

सॅक आहे म्हणालात ते फार उत्तम. त्यात पाण्याच्या बाटल्या, पुस्तकं जे असेल ते भरा, आधी ८ किलो, मग १०, मग १२-१५, आणि जिने चढा. एकदा पाठीवर घेऊन, एकदा दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून. छातीशी धरली की श्वास लहान होतो, कंबर मागे झुकायला बघते, हात भरून येतात, रेसमध्ये जड बादली उचलून न्यायची असते तेव्हा नेमकं हेच होतं. रेसमधली बादली धरताना हाताची बोटं बादलीखाली अडकवण्यापेक्षा एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरा आणि बादलीचा भार कमरेच्या हाडावर येऊ द्या, नाहीतर बोटं त्या एकाच अडथळ्यात संपतात आणि पुढे लगेच मंकी बार असतात.

धावणं कमी करू नका. त्याचा प्रकार बदला, त्याबद्दल दुसरं कोणी लिहीलच.

बर्पी_तीस

मी आधी एक विचारतो, तुमच्या रेसचे नियम वाचलेत का? कारण अडथळा जमला नाही तर काय, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि तयारी त्यावर ठरते. इंग्लंडात १९८७ साली टफ गाय सुरू झाली तिथून हा प्रकार वाढला, पण आज जगभर जे दिसतं ते मुख्यतः २०१० नंतरचं, टफ मडर आणि स्पार्टन दोन्ही त्याच वर्षी अमेरिकेत सुरू झाल्या आणि दोघींचा स्वभाव एकदम वेगळा. टफ मडरच्या नेहमीच्या रेसमध्ये घड्याळ नाही, एकमेकांना ओढत नेणं हाच मुद्दा, जमलं नाही तर बाजूने पुढे जा. स्पार्टनमध्ये वेळ मोजतात आणि अडथळा चुकला की दंड, बरीच वर्षं तो ३० बर्पींचा (आडवं होऊन उठायचं आणि उडी मारायची तो व्यायाम) होता, आता बऱ्याच अडथळ्यांना त्याऐवजी जादा फेरी मारायला लावतात. आणि ऑब्स्टॅकल रेसच्या जागतिक स्पर्धेत तर हातात पट्टा बांधतात, अडथळा पार होईपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा, नाही झाला की पट्टा काढून घेतात.

तुमची १० किमी आणि २५ अडथळे म्हणजे स्पार्टनच्या 'सुपर' या प्रकारासारखं गणित आहे (त्यांची स्प्रिंट ५ किमी आणि २० अडथळे, बीस्ट २१ किमी आणि ३० अडथळे). दंड असेल तर हिशोब करा, ५ अडथळे चुकले आणि प्रत्येकाला ३० बर्पी म्हणजे १५० बर्पी, त्यासुद्धा चिखलात आणि दमलेल्या अवस्थेत. म्हणून आठवड्यातून दोनदा बर्पी ठेवाच, पण घाईने नाही. खाली जा, छाती टेकवा, उठा, उडी. एका लयीत १० सलग, मग १५, मग २०. पहिल्या १० वेगात मारून पुढच्या २० ला आडवं पडण्यापेक्षा तिसाच्या तीस एकाच गतीने झाल्या तर वेळही कमी लागतो.

व्हिडिओंबद्दल एक. आजकाल मॉडर्न पेंटॅथलॉनवाल्यांचे (पाच खेळांची मिळून असलेली ऑलिम्पिक स्पर्धा) व्हिडिओ फार फिरतात, त्यांच्यात घोडेस्वारी जाऊन २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून अडथळ्यांची शर्यत येतेय. ती मंडळी विजेसारखी जातात पण तो कोर्स १०० मीटरच्याही आतला असतो, कोरडा, स्वच्छ. ते बघून तुमच्या रेसचा अंदाज बांधू नका. तुम्हाला दोन-अडीच तास चालू राहायचंय, तिथे शांत डोकं जास्त उपयोगी पडतं.

दोर_आणि_गाठ

दोराची भीती वाटते म्हणालात म्हणून फक्त दोरावरच लिहितो, बाकी वरच्यांनी छान सांगितलंय.

दोर हातांनी चढायचाच नसतो. हे एकदा मनात बसलं की अर्धी भीती जाते. हात फक्त धरून ठेवतात, वर नेतात ते पाय. धावणाऱ्या माणसाचे पाय आधीच दणकट असतात, म्हणजे तुमच्याकडे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

पायाची अडी, म्हणजे दोर दोन पायांत अडकवून धरायची पकड, घरी खुर्चीवर बसून शिका. एक जाड दोर घ्या, वरचं टोक हातात धरा, दोर उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने खाली सोडा. आता डाव्या पायाच्या चवड्याने तो दोर उजव्या तळव्याच्या खालून आत ओढून घ्या, वर उचला, म्हणजे तो उजव्या पावलावर आडवा येईल, आणि त्यावर डावा पाय ठेवून दाबा. दोर उजव्या पावलाला खालून वळसा घालून दोन पायांच्या मधे चिमटला गेला पाहिजे. वरून हाताने ओढून बघा, सरकला नाही तर अडी बसली. सरकला तर बहुतेक तुम्ही टाचेखालून घेतलाय, तळव्याच्या मधल्या खोलगट भागाखालून घ्या. सुरुवातीला पायाकडे बघत करा, मग डोळे मिटून करा, कारण चढताना खाली बघितलं तर दिसतो तो चिखल लागलेला बूट, दोर नाही. दिवसाला वीस-तीस वेळा, टीव्ही बघता बघता. दोन आठवड्यांत पाय आपोआप शोधायला लागतात.

मग खऱ्या दोरावर. हात डोक्याच्या वर धरा, गुडघे छातीकडे ओढा, जितके वर येतील तितके, अडी घाला आणि नुसते उभे राहा, खुर्चीवरून उठतो तसे. उभं राहिल्यावर हात परत वर सरकवा. हेच चार-पाच वेळा केलं की वर टांगलेली घंटा हाताशी येते, ती वाजवली की अडथळा झाला. सुरवंट चालताना बघितलाय ना, तसंच. हात वाकवून स्वतःला ओढायला जाल तर तिसऱ्या ओढीला संपाल, मोठे पैलवानसुद्धा संपतात, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि शेजारून बारीकशी मुलगी शांतपणे उभी राहत राहत वर जाते.

दमलात तर अडी घट्ट ठेवून थांबता येतं, एकेक हात सोडून झटकता येतो. आणि घंटा वाजवली की काम झालं असं समजू नका, लोकांना लागतं ते उतरताना. हात दोरावर घसरू द्यायचे नाहीत, तळहाताची साल निघते. अडी थोडी सैल करा, हाताखाली हात घेत या.

बूट घालूनच सराव करा. अनवाणी जमलेली अडी बुटांत वेगळी लागते.

फिजिओ_आहे_मी

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः चार रेस केल्यात. चिखलपाय यांनी कोपराबद्दल लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, दर वर्षी रेसच्या महिनाभर आधी असे पेशंट येतातच.

पुल-अपबद्दल. १४ आठवड्यांत शून्यावरून एक येऊ शकतो, नाहीही येणार, दोन्ही ठीक आहे. पहिल्या रेसला पुल-अप येणं ही अट नाही. तरी त्या दिशेने काम करा कारण भिंतीला, दोराला उपयोग होतो. आधी बारला लटकून हात सरळ ठेवूनच खांदे कानांपासून खाली खेचायचे, पाठीत खांद्याची पाती एकमेकांकडे जातात ते जाणवलं पाहिजे, १० वेळा. मग कमरेएवढ्या बारखाली आडवं होऊन छाती बारकडे ओढायची. तीन-चार आठवड्यांनी निगेटिव्ह, म्हणजे स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर आणि मग ४-५ सेकंद घेत हळूहळू खाली.

इथे कळकळीची सूचना. निगेटिव्ह फार सोपे वाटतात म्हणून लोक पहिल्याच दिवशी तीस-चाळीस मारतात. खाली येताना ताणला जाणारा स्नायू सगळ्यात जास्त फाटतो. पहिल्या दिवशी ३, फक्त ३. पुढच्या वेळी ४. सवय नसताना एकदम खूप केले तर स्नायू मोडून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि किडनीवर ताण येतो, याला रॅबडो म्हणतात. दंड सुजले, हात सरळ होईना आणि लघवी गडद तपकिरी झाली तर वाट न बघता थेट हॉस्पिटल.

चष्म्याचं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून चिखलाच्या पाण्यात जाऊ नका. लेन्सखाली घाण पाणी अडकलं तर डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला जंतुसंसर्ग होतो आणि तो साधा नसतो, नजर जाऊ शकते. जुना चष्मा मागे इलास्टिकचा पट्टा लावून घाला आणि पट्टा लावून दोन-तीनदा पळून बघा, नाकावर कुठे टोचतो ते आधीच कळेल. काचा पुसायला कोरडं फडकं छोट्या झिपच्या पिशवीत घालून खिशात ठेवा, अंगावरच्या कपड्याने चिखल पुसलात तर काचा आणखी माखतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघा, १० वर्षं उलटून गेली असतील तर आधीच घ्या. अंगठी घरी ठेवा, भिंतीच्या कडेला किंवा बारला अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. रेसनंतर खरचटलेलं स्वच्छ पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा. आणि नंतरच्या चार आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मी चिखलात, साठलेल्या पाण्यात होते. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) तिथून होऊ शकतो आणि डॉक्टरांना माहीत नसेल तर ते दुसरंच काहीतरी शोधत बसतात.

वळणावळणाने

धावण्याचं मी सांगते. ताई, तुमचे ६८ मिनिटं विसरा. रेसमध्ये धावणं सलग नसतं, अर्धा किलोमीटर धावलात की थांबा, चढा, उतरा, भिजा, परत धावा, आणि परत धावायला लागल्यावर पाय दगडासारखे लागतात. त्याची सवय लावायची. आठवड्यातून ३ दिवस धावा, त्यातला एक लांब आणि निवांत, शक्यतो मातीच्या वाटेवर, एक चढ-उताराचा, आणि एक मिसळ. मिसळीचा दिवस असा, ८०० मीटर धावायचं, बागेत यायचं, १० बर्पी, २० सेकंद लटकायचं, सॅक घेऊन १०० पावलं, की परत ८०० मीटर. सुरुवातीला ३ फेऱ्या, शेवटी शेवटी ५-६. हा आठवड्यातून एकदाच, जास्त नको, फार पिळून काढतो. बर्पी आणि लटकण्याचा एकेक दिवस त्यातच मोजा, नाहीतर सगळ्यांचा सल्ला एकत्र करून आठवड्याला नऊ दिवस लागतील.

उतारावर धावायचा सराव लोक विसरतात आणि दुसऱ्या दिवशी मांड्या बोलायला लागतात. लहान पावलं, गुडघा किंचित वाकलेला. चढ मात्र चालत चढा, रेसमध्येसुद्धा, वाचलेला दम वर गेल्यावर लागतो.

भिंतीवरून पलीकडे उडी मारू नका. कडेला धरून लोंबकळा, मग सोडा, म्हणजे पडायचं अंतर निम्म्याहून कमी होतं. आठ फूट भिंतीवरून चिखलात मारलेली उडी म्हणजे मुरगळलेला घोटा, खाली दगड आहे का खड्डा ते दिसतच नाही. मैत्रिणी बरोबर आहेत तर एकीने भिंतीला पाठ लावून गुडघे वाकवून बसायचं, दुसरीने तिच्या मांडीवर पाय देऊन कड धरायची. तिघी आहात, शेवटची एकटी राहते, तिला वर बसलेलीने हात द्यायचा, हे आधी ठरवून ठेवा.

कपडे सुती नकोत, पाणी पितात आणि अंगाला ओझं होतात. बूट खाली दाते असलेले, पाणी निघून जाणारे, आणि रेसच्या दिवशी नवे कोरे अजिबात नाही. हातमोजे काही जण घालतात, मला विचाराल तर नको, ओले झाले की बारवर घसरतात.

बर्पी_तीस

हातमोज्यांवर थोडं वेगळं मत आहे. बादली, गोणी, सरपटणं याला पातळ मोजे बरे पडतात, लटकायच्या आधी काढून कमरेला खोचायचे. पण हे काढ-घाल पहिल्या रेसला नकोच, तेवढं मान्य.

धावती_सकाळ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. आज सातवा आठवडा संपला म्हणून कळवते. लटकणं ३४ सेकंद. टॉवेलला ११. पुल-अप नाही, पण निगेटिव्ह ५ सेकंदांचे ६ होतात. कोपर रोज दाबून बघते, काही नाही. नियम वाचले, दंड आहे, काही ठिकाणी बर्पी आणि काही ठिकाणी फेरी.

अडचण अशी की ताजी असताना ३४ होतात, पण मिसळीच्या दिवशी तिसऱ्या फेरीला १० सेकंदसुद्धा टिकत नाही. छाती धडधडत असते, बोटं आधीच अर्धी मिटल्यासारखी वाटतात. रेसला सगळेच अडथळे असे दमलेले येणार ना? मग ३४ चा उपयोग काय?

चिखलपाय

३४ चा उपयोग आहे, तो नसता तर १० पण आले नसते. आता दोन गोष्टी बघा. एक, धावताना मुठी वळलेल्या असतात का? बऱ्याच जणांच्या असतात, विशेषतः दमल्यावर. म्हणजे बारपाशी पोचण्याआधीच ते स्नायू आवळलेले. धावताना अंगठा पहिल्या बोटावर नुसता टेकवा, हातात चिप्सचं एक पातळ पान धरलंय आणि ते मोडू द्यायचं नाही अशी पकड. शेवटचे १०० मीटर तर हात खाली सोडून सैल करत या.

दोन, बारखाली आलात की लगेच उडी मारू नका. तीन-चार खोल श्वास, सोडताना लांब सोडा, हात कोरडे करा (पाठीवरचा कपडा बहुतेक वेळा पुढच्यापेक्षा कोरडा असतो) आणि मग धरा. ते १५ सेकंद वाया गेल्यासारखे वाटतात, पण बर्पींच्या दंडाला दोन-तीन मिनिटं जातात.

मंकी बारला मात्र धरल्यावर थांबायचं नाही. लटकून विचार करत बसलं की रक्त बंदच. कमरेतून झोका घ्या, झोक्याने हात पुढे जाऊ द्या, कोपर सरळ ठेवा. वाकलेल्या कोपराने दंड उगाच राबतात.

फिजिओ_आहे_मी

सातव्या आठवड्यात दुखणं नाही हे वाचून बरं वाटलं. आठवा आठवडा निम्म्यावर आणा, लटकणं, सॅक सगळंच. मग नवव्यापासून परत चढवा.

धावती_सकाळ

मुठी वळलेल्याच होत्या! मैत्रिणीला मागून व्हिडिओ काढायला सांगितला, दुसऱ्या किलोमीटरनंतर दोन्ही मुठी गच्च. मला पत्ताच नव्हता.

आणि आज पहिल्यांदा खरा दोर. मैत्रिणीच्या ओळखीने एका हॉलमध्ये मिळाला, खाली गादी होती. पहिल्या वेळी अडी बसली पण मी उभीच राहीना, हातांनीच ओढत होते, तीन हात वर गेले आणि उतरले. मग दोर_आणि_गाठ यांचं ते खुर्चीवरून उठण्याचं वाक्य आठवलं. गुडघे वर, अडी, आणि उभी राहिले. इतकं हलकं वाटलं की मी तिथेच थांबून खाली बघितलं, गादी बरीच खाली होती. चार वेळा उभी राहिले आणि हात वरच्या लोखंडी कडीला लागला. उतरून आल्यावर हात थरथरत होते पण पोटातला गोळा नव्हता.

शेवटच्या आठवड्यात काय करू, सराव चालू ठेवू का?

दोर_आणि_गाठ

वाचून फार आनंद झाला. शेवटचा आठवडा, रेस रविवारी असेल तर मंगळवारी थोडं लटकून घ्या आणि नंतर बारला हात लावू नका. तळहाताला घट्टे आलेत का बघा, वर उचलून आलेली कड असेल तर बुधवारी बारीक कानशीने किंवा खरखरीत दगडाने घासून सपाट करा. उचललेली कड बारवर अडकते आणि अख्खा घट्टा सोलून येतो, मग उरलेले सगळे अडथळे उघड्या मांसाने करावे लागतात. नखं गुरुवारी कापा, आदल्या रात्री नको, कोवळी कड दुखते.

रेसला दोराखाली पोचलात की आधी बुटाच्या आतल्या बाजूचा चिखल काढा, एक बूट दुसऱ्यावर घासा, जमिनीवर आपटा. चिखलाच्या बुटात अडी साबणासारखी सुटते. आणि शेजारी मोकळा कोरडा दोर असेल तर दोन माणसं थांबून तो घ्या.

धावती_सकाळ

काल झाली रेस. २ तास २६ मिनिटं, तिघी एकत्र. २५ पैकी २१ अडथळे झाले. भालाफेकीत भाला निशाण्याला लागला नाही, त्याच्या मागे बांधलेल्या दोरावर माझाच पाय होता, भाला मध्येच खेचला गेला आणि दुसरी संधी नसते. मंकी बारला शेवटून दुसऱ्या दांडीवरून सुटले, ओली होती. लटकत पुढे जायच्या गोल रिंगा तिसरीपर्यंतच. एका उलट्या तिरक्या भिंतीवर दोनदा प्रयत्न करून सोडून दिलं. ३० बर्पी दोनदा, फेरी दोनदा.

दोर एकविसावा होता. बूट आपटले, कोरडा दोर मिळायला दोन जणांना पुढे जाऊ दिलं, श्वास घेतले. मधे एकदा अडी सुटली, हातांवर लोंबकळले, तेव्हा टॉवेलचे ते सगळे दिवस कामाला आले, परत गुडघे वर घेतले, परत अडी. घंटा वाजवली. खालून दोघी ओरडत होत्या ते नीट ऐकू आलं नाही, माझाच श्वास ऐकू येत होता.

डाव्या गुडघ्याला तारेखाली खरचटलंय, धुतलंय. तापाचं लक्षात ठेवलंय. आता एक सांगा, रिंगांना बार आणि टॉवेलपेक्षा वेगळा काही सराव लागतो का? हात जरा मोकळे झाले की सुरू करायचं आहे.